एका ताटाची साक्ष

इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या, असा समज क्रमिक पुस्तकांमुळे रुजला आहे. उर्दू शाळेत शिकवताना आम्हांला मात्र नेहमी वाटते, की समाजाची स्मृती जितकी दप्तरात असते तितकीच चुलीजवळ असते. भूमध्य समुद्राकाठचे जेवण हे याचे ठळक उदाहरण आहे.

हे जेवण आज आपल्या शहरांतील हॉटेलांत महागड्या दराने मिळते. खरे तर ते घरगुती जेवण आहे आणि आपल्याला परके नाही. मधोमध एक मोठे ताट, भोवती लहान वाट्या आणि दाटीवाटीने बसलेली माणसे, असे त्याचे रूप. अरबीत 'हुम्मुस' म्हणजे हरभरा. काबुली चणे रात्रभर भिजवून मऊ शिजवायचे; भाजलेल्या तिळाचे मुलायम वाटण, लिंबू, लसूण व मीठ घालून वाटायचे आणि वर ऑलिव्हचे तेल सोडायचे. वांगे विस्तवावर भाजायचे, अगदी आपल्या भरतासारखे. मधल्या ताटात कुसकुस, म्हणजे गव्हाच्या रव्याचे वाफवलेले बारीक दाणे आणि त्यांवर भाजी-मटणाचा रस्सा. प्रत्येकाने आपल्या समोरून घ्यायचे. दस्तरखानाची हीच रीत आपल्या वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवली.

यातले वांगे तर आपल्याच मुलखातून तिकडे गेले. संस्कृतातील 'वातिंगण' फारसीत 'बादिंगान' झाले, अरबीत 'बादिंजान' आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोहोचून 'बेरेंखेना'. इ.स. 825 मध्ये अब्बासी खलिफा अल-मामून याचा बुरानशी थाटामाटात विवाह झाला. तिच्या नावाने वांग्याचे पदार्थ प्रसिद्ध झाले. दहाव्या शतकातील बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकच्या पाकग्रंथातही ते आहेत. हेच नाव स्पेनमध्ये 'अल्बोरोनिया' झाले.

इ.स. 1492 मध्ये ग्रॅनडा पडले आणि काही वर्षांतच तेथील चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. कॅस्टिलमधील मुसलमानांपुढे 1502 मध्ये धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले. धर्मांतरितांना 'मोरिस्को' म्हणत. 1567 च्या फर्मानाने त्यांची अरबी भाषा, पोशाख आणि हमामही बंद केले. मग उरले ते घर आणि चूल. धर्मन्यायालयाची नजर तिथेही पोहोचली. डुकराचे मांस आणि दारू नाकारणे, जमिनीवर बसून कुसकुस खाणे, या गोष्टी आरोपपत्रात येऊ लागल्या. धर्मांतरित ज्यूंच्या घरी चरबीऐवजी तेलात स्वयंपाक होतो, यावरही संशय घेतला गेला. शेजाऱ्याने वासावरून चुगली करावी आणि ताटाने माणसाविरुद्ध साक्ष द्यावी, असा तो काळ होता.

1609 ते 1614 या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर काढण्यात आले. बरेच जण मोरोक्को, अल्जीरिया आणि ट्युनिशियाकडे गेले. ट्युनिशियातील तेस्तूर हे गाव त्यांनीच वसवले. माणसे गेली, पदार्थाचे नाव मात्र मागे राहिले. अंदलुसियात आजही 'अल्बोरोनिया' शिजते. त्यात आता अमेरिकेहून आलेले टोमॅटो आणि मिरची असते, पण नाव बगदादच्या त्या नवरीचेच आहे. ज्यांची पुस्तके जाळली, त्यांचा शब्द कढईत शिल्लक राहिला.

पुढे काळ बदलला. 2010 मध्ये युनेस्कोने भूमध्यसागरी आहारपद्धतीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्यासाठी पुढे आलेल्या देशांत मोरोक्कोबरोबर स्पेनही होता. या वारशात तेल, धान्य, भाज्या यांच्याइतकेच महत्त्व एकत्र बसून जेवण्याला दिले आहे. 2020 मध्ये कुसकुसचाही त्या यादीत समावेश झाला. जे एकेकाळी गुन्ह्याचा पुरावा होते, ते अभिमानाचा विषय झाले. हा न्याय चारशे वर्षे उशिरा आला आणि ज्यांना भोगावे लागले त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही, हेही विसरता येत नाही.

आम्हांला यातून दोन गोष्टी दिसतात. दुसऱ्याच्या ताटात डोकावून त्याची निष्ठा ठरवणे ही फार जुनी खोड आहे आणि तिने कोणत्याच समाजाचे भले केलेले नाही. दुसरी गोष्ट आपल्या घरातली. भाषा, ग्रंथ, पोशाख सारे हिरावले गेले तेव्हा स्मृती जपली ती स्वयंपाकघरातील बायकांनी. बुरानचे नाव टिकले. बाकीच्या अनाम राहिल्या. आपल्याकडे आजही अनेक घरांत रांधणारी सर्वांत शेवटी, उरलेसुरले खाते. ताट सामायिक म्हणायचे असेल, तर त्याभोवती पहिली जागा तिची हवी आणि दुसरी, शेजारच्या दारातून आलेल्या कोणाचीही, त्याचा धर्म न विचारता.