सूर्यबेटावरचं तीर्थ नक्की कोणाचं?

बोलिव्हियातल्या कोपाकाबाना गावातून सकाळची बोट धरली, की टिटिकाका सरोवरातल्या ‘इस्ला देल सोल’वर, म्हणजे सूर्यबेटावर, जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येतं. सरोवराची उंची 3,800 मीटरच्या वर. दक्षिण टोकाला उतरलात तर धक्क्यापासूनच्या दगडी पायऱ्याच तुमचा दम काढतील. उत्तरेला चिंकाना आहे: एकात एक गुंतलेल्या खोल्यांचे अवशेष. तिथून जवळच तो पवित्र खडक. सूर्य इथे जन्मला आणि पहिला इंका राजा मांको कापाक इथूनच निघाला, अशी कथा तुम्हाला ऐकायला मिळेल.

कथा सुंदर आहे. पण ती कोणाच्या सोयीची होती?

इंकांची राजधानी कुस्को इथून शेकडो किलोमीटर दूर. हा प्रदेश त्यांनी जिंकला तो 15व्या शतकात. बेट मात्र त्याआधीच पवित्र होतं. बेटाच्या उत्तरेला, खोआ नावाच्या खडकाळ जागी, पाण्याखाली उत्खनन झालं. तिथे प्यूमाच्या आकाराची धूपपात्रं, सोन्याचे दागिने आणि दूरच्या उबदार समुद्रातले शिंपले सापडले. हे सगळं तिवानाकू संस्कृतीच्या लोकांनी वाहिलेलं, म्हणजे इंका यायच्या पाचेकशे वर्षं आधीचं.

मग इंकांनी काय केलं? मूळ रहिवाशांना हलवलं, साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांतून माणसं आणून वसवली आणि आपली जन्मकथा या खडकाशी जोडली. जिंकलेली जागा ‘मुळात आमचीच’ झाली!

दर्शनाचे नियमही कडक होते. 17व्या शतकातला पाद्री बेर्नाबे कोबो लिहितो, की यात्रेकरूंना एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागत आणि आपल्या पापांची कबुली द्यावी लागे. तरी बहुतेकांना खडकाजवळ जाऊ देत नसत. शेवटच्या दरवाजातूनच बघायचं आणि आणलेलं दान सेवकांच्या हाती द्यायचं.

पुरातत्त्वज्ञ ब्रायन बाउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात इथे काम केलं, तेव्हा या भेदाची खूण जमिनीवरही दिसली. जून महिन्यात, अयनदिनाच्या संध्याकाळी, समोरच्या डोंगरकड्यावरच्या दोन खांबांच्या मधे सूर्य मावळायचा. त्यांच्या मते मोठे लोक खडकापाशी उभे राहत, तर सामान्य यात्रेकरू भिंतीबाहेरच्या ओट्यावर. बाहेरच्यांना सूर्य मावळताना दिसायचा तो थेट राज्यकर्त्यांच्या डोक्यावर. सूर्यपुत्र कोण, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

पुढे स्पॅनिश आले आणि त्यांनीही तेच केलं. 1583 साली कोपाकाबानात मेरीमातेची मूर्ती बसवली गेली. ती घडवणारा फ्रान्सिस्को तितो युपांकी इंका घराण्यातलाच. बेटाकडे जाणारी यात्रा आता काठावरच्या चर्चपाशी थांबू लागली. तुमची बोट सुटते तेच हे गाव.

आज बेटावर राहतात ते आयमारा लोक. त्यांच्या शेताच्या बांधांवरून चालताना ‘इंका अवशेष’ अशी पाटी दिसली, तर एवढं जरूर विचारा: आणि त्याआधी?