वस्तरा कोणाच्या हातात? स्वतःची दाढी करायला माणूस कसा शिकला

मराठीत एखाद्याची चांगली खरडपट्टी काढली की आपण म्हणतो, त्याची बिनपाण्याची केली. काय केली, ते सांगावं लागत नाही. ज्या काळात ही म्हण रुळली त्या काळात प्रत्येकाला माहीत होतं की पाणी न लावता गालावरून वस्तरा फिरला तर काय होतं. आज ट्रिमर वापरणाऱ्या पोराला ही म्हण कळते, पण ती अंगावर येत नाही.

आजचा विषय सुचवला तो तुमच्यातल्याच काही श्रोत्यांनी. त्यांनी उघड्या पात्याचा, घडीचा वस्तरा विकत घेतलाय, आणि स्वतःची दाढी स्वतः करायला शिकतायत. त्यांचा प्रश्न असा की पूर्वी तर सगळेच असंच करायचे ना? मग त्यांना कोण शिकवायचं?

तर पहिलं उत्तर हे, की पूर्वी सगळे असं करत नव्हते. फार थोडे करत होते. वस्तरा हजारो वर्षांचा जुना आहे, पण स्वतःच्या हातानं स्वतःच्या गळ्यावर तो फिरवायचा, हे सर्वसामान्य पुरुषाच्या अंगवळणी पडून जेमतेम अडीचशे वर्षं झालीत. आपल्याकडे तर त्याहूनही कमी.

पॅरिसचा एक चाकूवाला

अठराव्या शतकातल्या युरोपात चला. गुळगुळीत चेहऱ्याचा जमाना. राजा, दरबारी, व्यापारी, वकील, कोणाच्याच चेहऱ्यावर दाढी नाही, डोक्यावर मात्र केसांचा टोप. एवढे चेहरे गुळगुळीत ठेवायचे कोणी? न्हाव्यांनी. आणि तिकडचा न्हावी नुसता न्हावी नव्हता. तो दात काढायचा, गळू फोडायचा, शीर कापून रक्त काढायचा. इंग्लंडात १५४० साली आठव्या हेन्रीच्या काळात न्हावी आणि शल्यवैद्य यांचा एकच संघ झाला होता. तो १७४५ साली फुटला आणि शल्यवैद्य वेगळे झाले. म्हणजे दोनशे वर्षं या दोन धंद्यांचा एकच उंबरा होता.

अशा काळात, १७६९ साली, पॅरिसमध्ये झाँ-जाक पेरे नावाच्या माणसानं एक पुस्तक छापलं. पेरे हा चाकू, कात्र्या, वस्तरे बनवणारा कारागीर. पुस्तकाचं नाव ‘पोगोनोतोमी’, म्हणजे दाढी कापण्याचं शास्त्र म्हणा. पण खरी गंमत उपशीर्षकात आहे: स्वतःची दाढी स्वतः करायला शिकण्याची कला. पुढे तेच शीर्षक सांगत जातं, की धार लावायचे दगड कसे ओळखावेत, वस्तरा घासायचं चामडं कसं तयार करावं. आणि सगळ्यात शेवटी, रक्त काढण्याविषयी एक महत्त्वाचं निरीक्षण! दाढीच्या पुस्तकाला शीर कापण्याची पुरवणी. वस्तरा कोणाच्या हातातून घेतला जात होता, हे त्या एका ओळीत कळतं.

मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं वाटतं ते ‘शिकण्याची’ हा शब्द. पेरे असं गृहीत धरतो की वाचकाला हे येत नाही. गिऱ्हाइकाला वस्तरा विकून त्याचं काम संपत नव्हतं, वस्तरा वापरायचा कसा हेही सांगावं लागत होतं.

याच पेरेनं आणखी एक युक्ती मांडली. सुताराचा रंधा आठवा. पातं लाकडात बसवलेलं असतं, धारेची फक्त कड बाहेर, त्यामुळे रंधा हवा तेवढाच खोल जातो. पेरेनं वस्तऱ्याला तसंच लाकडी आवरण घातलं. आजच्या ‘सेफ्टी रेझर’चं खापरपणजोबा म्हणायचं ते हेच.

यात शिकण्यासारखं आहे तरी काय?

आता जे नवशिके श्रोते आहेत त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास समजत नाही.

घडीच्या वस्तऱ्याची एक कड धारेची आणि दुसरी जाड, तिला पाठ म्हणू. दगडावर धार लावताना धार आणि पाठ दोन्ही दगडाला टेकवायच्या. म्हणजे कोन किती ठेवायचा हे हाताला ठरवावं लागत नाही, पाठीच्या जाडीनंच तो ठरतो. किती हुशार रचना! पण ही मदत दगडापुरतीच. चेहऱ्यावर पाठ उचलून धरायची असते, साधारण तीस अंश. जास्त उचलली तर पातं रुततं, कमी ठेवली तर केस ओढले जातात. गाल सपाट, जबडा वळणाचा, हनुवटी गोल. प्रत्येक ठिकाणी हा कोन हातानंच सांभाळायचा.

त्यात दुसऱ्या हातानं कातडी ताणून धरायची. केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेनं पहिला हात फिरवायचा. डाव्या गालासाठी डावा हात वापरायला शिकायचं, नाहीतर स्वतःचंच मनगट आरशाच्या आड येतं. दाढीआधी दोन-तीन मिनिटं कोमट पाणी लावायचं, कारण भिजलेला केस मऊ होतो आणि सहज कापला जातो. बिनपाण्याची म्हण आली ती इथूनच.

आणि दाढी करायच्या आधी दर वेळी चामड्याचा पट्टा. पट्ट्यावर वस्तरा फिरवताना पाठ पुढे, धार मागे. उलटं केलं तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. पट्टा नवी धार लावत नाही, असलेली धार सरळ करतो. मी गेलं वर्षभर हा वस्तरा वापरतोय, आणि माझा अनुभव असा की चेहऱ्यावरचा हात महिनाभरात बसतो, पट्ट्यावरचा बसायला बराच जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात फक्त दोन्ही गाल करावेत, हनुवटी आणि वरचा ओठ नेहमीच्या रेझरवर सोडून द्यावेत.

आता लक्षात घ्या, हे सगळं गावातल्या न्हाव्याला लहानपणापासून घरात बघून येत होतं. पेरेच्या वाचकाला ते पुस्तकातून शिकायचं होतं.

पोलादाची गोष्ट

एक अडचण लोखंडाची होती. त्या काळचं पोलाद एकसारखं नसायचं, एकाच पात्यात कुठे कडक, कुठे मऊ. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीनं, घड्याळाच्या स्प्रिंगसाठी चांगलं पोलाद हवं म्हणून, शेफिल्डजवळ ते मुशीत पूर्ण वितळवून ओतायची पद्धत बसवली. पोलाद एकजीव झालं. असं सांगतात की शेफिल्डच्या कारागिरांनी ते फार कडक म्हणून आधी नाकारलं, आणि फ्रान्समध्ये त्याच पोलादाचा माल बनायला लागला तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

मुशीतलं पोलाद आपल्या दख्खनला नवीन नव्हतं. कन्नडमध्ये ज्याला उक्कू म्हणतात आणि इंग्रजांनी ज्याला वूट्झ म्हटलं, ते दक्षिण भारतात कितीतरी शतकं बनत होतं. लंडनचा एक नामांकित हत्यारकार, जेम्स स्टोडार्ट, हेच वूट्झ वापरायचा. पुढे तरुण मायकेल फॅरेडेबरोबर त्यानं पोलादावर प्रयोग केले आणि १८२० साली ते प्रसिद्धही केले. म्हणजे पोलाद इथलं, कारागीर तिथले, आणि स्वतःची दाढी करणारा साहेबही तिथला. आपल्याकडे मात्र वस्तरा न्हाव्याच्या धोकटीतच राहिला.

इकडे काय चाललं होतं

बारा बलुतेदारांत न्हावी होता. हजामतीचे रोख पैसे नाहीत, सुगीत घरागणिक धान्य. आठवड्या-पंधरवड्यानं तो यायचा, धोकटी उघडायचा, ओट्यावर समोरासमोर बसून काम करायचा. संत सेना महाराजांनी याच धोकटीतल्या वस्तूंना अभंगात परमार्थाचा अर्थ दिला, इतकी ती प्रत्येकाच्या ओळखीची होती. घरात वस्तरा ठेवायची गरजच नव्हती.

मोहनदास गांधींनी आपल्या आत्मकथेत लिहिलंय की हिंदुस्थानात असताना आरसा बघायला मिळायचा तो घरचा न्हावी हजामतीला आला त्या दिवशी. १८८८ साली ते विलायतेला गेले आणि रोज आरशासमोर दहा मिनिटं घालवू लागले. पुढे ते म्हणतात की विलायतेला जाणारे सगळे दाढी करायला तरी तिथे शिकतातच, केस कापायला मात्र कोणी शिकत नाही. ती वेळ त्यांच्यावर दक्षिण आफ्रिकेत आली. प्रिटोरियात एका गोऱ्या न्हाव्यानं त्यांचे केस कापायला नकार दिला. त्यांनी मशीन विकत घेतलं आणि आरशासमोर स्वतःच कापले. पुढचे बरे जमले, मागचे बिघडले, आणि कोर्टात मित्र हसले.

पण गांधी तिथे थांबत नाहीत. त्या न्हाव्याला ते दोष देत नाहीत. काळ्या माणसाचे केस कापले असते तर त्याची गिऱ्हाइकं गेली असती. आणि आपण तरी आपल्या न्हाव्यांना अस्पृश्यांची हजामत करू देतो का, असं ते विचारतात.

या प्रश्नाचं उत्तर साताऱ्यात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या छोट्या आत्मकथनात आपल्या साताऱ्यातल्या बालपणाबद्दल सांगितलंय. घरातल्या मुलांचे केस कापायचं, हजामतीचं काम त्यांची थोरली बहीण करायची, आणि करता करता ती त्यात तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असं नाही. द्यायला पैसे नव्हते असंही नाही. अस्पृश्याला हात लावायला कोणी न्हावी तयार नव्हता, एवढंच.

मंडळी, पेरेच्या पुस्तकाशेजारी ही आठवण ठेवून बघा. पॅरिसच्या सुखवस्तू गृहस्थाला न्हाव्याची वाट बघायची नव्हती म्हणून तो शिकला. हिंदी विद्यार्थी लंडनला शिकला, कारण घरचा न्हावी सात समुद्रापलीकडे राहिला होता. आणि साताऱ्यातली एक मुलगी शिकली, कारण दुसरा मार्गच नव्हता. तिच्यासाठी कोणी पुस्तक लिहिलं नव्हतं. दाढी-केसांच्या इतिहासात पेरेचं नाव येतं, तिचं येत नाही. मला वाटतं यायला हवं.

याला आणखी एक बाजू आहे, ती न्हाव्याची. कोणाच्या डोक्याला वस्तरा लावायचा आणि कोणाच्या नाही, हे गाव ठरवायचं, तो नव्हे. महाराची हजामत नको, आणि ब्राह्मण विधवेचं केशवपन मात्र कर, ही दोन्ही कामं त्याच्यावर लादलेली. १८९० च्या सुमारास मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की विधवांच्या केसांना आम्ही वस्तरा लावणार नाही. त्यामागे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांची प्रेरणा होती आणि ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा पुढाकार. ज्याच्या हातात वस्तरा आहे तोच म्हणाला, हे काम आम्ही करणार नाही.

शिकायचं कारणच संपलं

मग आला जिलेट. किंग कॅम्प जिलेट हा अमेरिकेतला फिरता विक्रेता. १८९५ साली दाढी करता करता त्याच्या लक्षात आलं की आपला वस्तरा नुसत्या पट्ट्यावर सुधारण्यापलीकडे गेलाय. त्याच्या डोक्यात आलं, धार लावायचीच कशाला? पातळ पातं वापरावं आणि फेकावं. एवढ्या पातळ पत्र्याला धार लागते कशी, हे विल्यम निकरसन या इंजिनिअरनं सोडवलं. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर खपले. दुसऱ्या वर्षी नव्वद हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले.

जिलेटच्या जाहिरातींचा सूर काय होता? दगड नको, पट्टा नको. पेरेनं जे जे शिकवायला पुस्तक लिहिलं, ते शिकायची आता गरज नाही, हेच तो विकत होता. आणि यात माझ्या मते वाईट काही नाही. ज्याला कोणी न्हावी शिवत नव्हता, त्याला चार आण्याच्या पात्यानं कोणाची मिनतवारी करायची गरज उरली नाही. त्याच वेळी बलुत्यावर जगणाऱ्या न्हाव्याचं एक काम कमी झालं, तो शहरात आला आणि त्यानं दुकान टाकलं. आज त्याच्या दुकानातही जुना वस्तरा दिसत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांच्या भीतीनं आता अर्धं ब्लेड बसवायचा वस्तरा आलाय. प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं, तेही तुमच्यासमोर मोडलेलं.

म्हणून जे श्रोते आता हौसेनं शिकतायत, त्यांनी जरूर शिका. पट्ट्यावर पाठ पुढे, पाणी भरपूर, जवळ तुरटी ठेवा, आणि घाईच्या दिवशी वस्तरा उघडूच नका. पण हौसेनं शिकता येणं हीसुद्धा अलीकडची गोष्ट आहे, एवढं लक्षात असू द्या.

जाता जाता एक काम सांगतो. घरात जुनं माणूस असेल तर विचारा, आपल्या गावात न्हावी कोणाकोणाच्या दारात जायचा आणि कोणाच्या नाही. ज्यांच्या दारात तो जायचा नाही, त्यांचे केस कोण कापायचं? नावं आठवत असतील तर लिहून ठेवा, आणि आम्हालाही कळवा. पुढच्या एखाद्या भागात ती वाचून दाखवू.