जोडीदाराला सीओपीडी झाला आहे: घरी तुम्ही काय करू शकता?

निदान एकाचे होते, पण आजार दोघांच्या संसारात येतो. रात्री खोकल्याने जागे कोण होते, औषधे कोण आणते, गावच्या लग्नाला जायचे की नाही हे कोण ठरवते, हे सगळे बदलू लागते. जयसिंगपूर आणि शिरोळ तालुक्यातून येणाऱ्या रुग्णांचे पती किंवा पत्नी मला एकच प्रश्न विचारतात, "डॉक्टर, आता मी नेमके काय करू?" हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सीओपीडी म्हणजे काय?

या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात आणि फुफ्फुसांतील हवेच्या पिशव्या खराब होतात. आत घेतलेली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून दम लागतो. आपल्याकडे दम लागणाऱ्या प्रत्येक आजाराला 'दमा' म्हणतात. दम्यात नळ्या बऱ्याचदा पुन्हा मोकळ्या होतात, सीओपीडीत मात्र अडथळा कायम राहतो.

निदान स्पायरोमेट्रीने पक्के होते. जोरात सोडलेल्या श्वासापैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली, हे यंत्र मोजते. नळ्या मोकळ्या करणारे औषध दिल्यावरही हे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर सीओपीडी समजतात. फक्त एक्स-रेवर निदान झाले असेल तर ही तपासणी जरूर करून घ्या. कोल्हापूरचे सीपीआर आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे छातीविकार विभाग आहे.

दोन गोष्टी घरात सर्वांना सांगा. सीओपीडी संसर्गाने पसरत नाही, त्यामुळे ताट-वाटी वेगळी करण्याची गरज नाही. आणि गेलेली क्षमता परत येत नसली, तरी पुढची झीज मंदावता येते.

दोष कुणाचा, हा वाद बंद करा

"मी सांगत होते, बिडी सोडा" हे वाक्य निदानानंतर बहुतेक घरांत निघते. ते खरे असेलही, पण त्याने रुग्ण बिडी सोडत नाही, लपून ओढू लागतो. मग डॉक्टरांनाही खरे सांगत नाही. त्याऐवजी असे बोलून पाहा: "अहो, एकट्याने नाही जमत, आपण दोघे डॉक्टरांना विचारू." तंबाखू सोडण्यासाठी औषधे मिळतात. १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशनही मिळते. पहिल्या प्रयत्नात सुटली नाही, तर पुन्हा प्रयत्न करायचा. हे उपचारांत नेहमीचेच आहे.

आणि पत्नीने आयुष्यात बिडी ओढलेली नसेल तर? आपल्या भागात हे सर्रास दिसते. वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणे, बंबात लाकूड-शेणी घालणे, तव्यावर मिश्री भाजणे, या सगळ्यांचा धूर तिच्या छातीत गेलेला असतो. अशा वेळी "हिला कसा काय झाला?" असे म्हणणारे घर तिचा दम 'वयाचा' किंवा 'आळसाचा' ठरवते. नवरोबांनी इथे तिची बाजू घ्यावी. सासू-सासरे, मुले, सुना यांना आजार समजावून सांगणे हे तुमचे काम आहे.

घरातील धूर आधी काढा

हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. त्याच हवेत तुम्हीही श्वास घेता, म्हणून फायदा दोघांचा होतो.

- स्वयंपाक गॅसवर करा. पाणी तापवण्याचा बंबही बदला. सिलिंडर असूनही भाकरी चुलीवरच होत असेल, तर रुग्णाला तिथे बसवू नका.
- डासांसाठी कॉइल लावू नका, मच्छरदाणी वापरा. एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असल्याचे एका अभ्यासात आढळले आहे.
- धूप आणि अगरबत्ती बंद खोलीत नको. देवापुढे फुले आणि दिवा पुरे. मात्र घरी ऑक्सिजन सुरू असेल, तर त्या खोलीत दिवाही नको.
- ऊसतोडीच्या हंगामात शेजारच्या रानात पाचट पेटले, की दारे-खिडक्या लावून घ्या. आपल्या रानातले पाचट न जाळता कुजवा. गुऱ्हाळावरचे धुराचे काम दुसऱ्याकडे द्या.
- कृष्णाकाठच्या घरांनी २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिले आहेत. पुरानंतरची ओल आणि भिंतीवरची बुरशी अशा रुग्णाला त्रास देते. गाळ आणि बुरशी साफ करण्याचे काम त्याला देऊ नका.

इनहेलर: सवय नाही, उपचार

"पंप एकदा लागला की सुटत नाही" हा समज काढून टाका. इनहेलरने व्यसन लागत नाही. औषध थेट फुफ्फुसांत जाते, म्हणून गोळीपेक्षा फार कमी मात्रा पुरते.

बऱ्याचदा औषध बरोबर असते, घेण्याची पद्धत चुकते. म्हणून दवाखान्यात जोडीदारासोबत तुम्हीही पद्धत शिकून घ्या.

- फवाऱ्याचा पंप हलवून घ्यावा. श्वास पूर्ण सोडावा, मग पंप दाबत सावकाश श्वास आत घ्यावा आणि सुमारे १० सेकंद रोखावा. स्पेसर वापरल्यास सोपे जाते.
- पावडरच्या कॅप्सूलचे यंत्र असेल, तर श्वास जोरात आणि खोल घ्यावा. यंत्रात फुंकर मारू नये. ही कॅप्सूल गिळायची नसते.
- स्टिरॉइड असलेल्या इनहेलरनंतर चूळ भरून पाणी थुंकावे. नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

बरे वाटले म्हणून रोजचे इनहेलर बंद करू नका. खर्च झेपत नसेल, तर तो न लाजता डॉक्टरांना सांगा. जेनेरिक औषधाचा पर्याय असू शकतो.

मदत करा, पण बसवून ठेवू नका

प्रेमापोटी बरेच जण रुग्णाला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. त्याने स्नायू कमकुवत होतात आणि दम आणखी लवकर लागतो. डॉक्टरांना विचारून रोज थोडे चालणे सुरू करा, सोबत तुम्हीही चाला. त्यांच्या चालीने चाला, पुढे जाऊन वाट पाहत उभे राहू नका.

दम लागला तर पुढे झुकवून बसवा. नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि चहावर फुंकर घालतो तसे ओठ आवळून चार अंक मोजत सोडावा. तुम्ही शांतपणे मोजत राहा. घाबरल्याने श्वास उथळ होतो आणि दम वाढतो.

जेवण थोडे-थोडे, पण जास्त वेळा द्या. डाळ, उसळ, दूध, अंडी असू द्या. वजन घटत असेल तर डॉक्टरांना सांगा. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकलची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या.

शरीरसंबंधांबद्दल बहुतेक जोडपी विचारतच नाहीत. आजार स्थिर असेल तर ते बंद करण्याची गरज नसते. घाई नको, छातीवर भार येणार नाही अशी स्थिती असावी. अडचण असेल तर दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला.

कधी थांबायचे नाही

त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा:
- दम किंवा खोकला नेहमीपेक्षा वाढला
- कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला
- ताप आला, पायांवर सूज आली किंवा थुंकीत रक्त दिसले

लगेच १०८ ला फोन करा:
- एक वाक्यही सलग बोलता येत नाही
- ओठ किंवा नखे निळसर झाली
- गुंगी आली, बोलणे असंबद्ध झाले
- छातीत दुखू लागले

घरी ऑक्सिजन दिला असेल, तर सांगितलेला प्रवाह स्वतःहून वाढवू नका. काही रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि गुंगी येते. त्या खोलीत चूल, काडी, बिडी काहीही पेटवू नका.

आणि तुम्ही स्वतः?

सोबत करणाऱ्याची झोप मोडते, चिडचिड होते, कधी रडू येते. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही. आठवड्यातून काही तास मुलाने, भावाने किंवा शेजाऱ्याने सांभाळावे अशी सोय करा. दोघांपैकी कुणालाही सतत उदास वाटत असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. तुम्हीही अनेक वर्षे त्याच धुरात राहिला असाल आणि चढताना दम लागत असेल किंवा खोकला जात नसेल, तर पुढच्या भेटीत तुमचीही स्पायरोमेट्री करून घ्या.

पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तीन गोष्टी सोबत न्या: सगळी इनहेलर, जुने रिपोर्ट आणि गेल्या महिन्यात दम कधी वाढला याची वहीत केलेली नोंद. ही वही तुम्ही ठेवा. रुग्ण त्रास कमी करून सांगतो, पण जवळच्या माणसाला तो दिसलेला असतो.