तेरा, सोळा, अठरा : वयाच्या रेषा आल्या कुठून?

१० डिसेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवू न देणारा कायदा अमलात आला. जबाबदारी मुलांवर वा पालकांवर नाही, कंपन्यांवर आहे. त्यांनी कुचराई केल्यास ४.९५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. असा कायदा भारतात हवा की नको, यावर आता वाद रंगतो आहे. त्यात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : सोळाच का? या आकड्यांचा इतिहास धुंडाळू लागलो, तर विज्ञानाची पावले त्यात फारशी उमटलेली दिसत नाहीत.

बहुतेक माध्यमांवर दिसणारी तेरा वर्षांची अट अमेरिकेची. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९८ साली मुलांसाठीची २१२ संकेतस्थळे तपासली. त्यांपैकी ८९ टक्के संकेतस्थळे मुलांकडून वैयक्तिक माहिती घेत होती; पालकांना त्यावर काही नियंत्रण देणारी दहा टक्केही नव्हती. त्याच ऑक्टोबरमध्ये मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाचा कायदा संमत झाला आणि एप्रिल २००० मध्ये लागू झाला. मूळ विधेयकात सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार होता. वाटाघाटींत रेषा तेरावर उतरली. चिंता होती ती जाहिरातदारांच्या हाती जाणाऱ्या नाव-पत्त्यांची. मुलांची झोप वा मनःस्वास्थ्य हा विषयच नव्हता. फेसबुक जन्माला यायला अजून सहा वर्षे अवकाश होता.

या कायद्यात एक फट राहिली. संकेतस्थळ मुलांसाठी नसेल, तर वापरणारा तेरापेक्षा लहान आहे हे कंपनीला प्रत्यक्ष ठाऊक असल्यासच ती बांधली जाई. मग ठाऊक करून घ्यावेच कशाला? जन्मवर्ष विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा, अशी सोयीची रीत रूढ झाली. मुलांनीही वर्ष बदलायला वेळ लावला नाही. डॅना बॉइड व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अमेरिकी पालकांचा अभ्यास केला, तेव्हा मुलांना खोटे वय भरायला अनेक पालकच मदत करत असल्याचे आढळले.

दक्षिण कोरियाने २०११ मध्ये निराळी वाट धरली : मध्यरात्र ते सकाळी सहा, सोळाखालील मुलांना ऑनलाइन खेळ बंद. मुले आईवडिलांच्या ओळख क्रमांकाने खेळत राहिली. २०२१ मध्ये खात्यांच्या नव्या अटींमुळे ‘माइनक्राफ्ट’ हा मुलांचा लाडका खेळच कोरियात प्रौढांपुरता उरू लागला, तेव्हा ओरड झाली आणि तो कायदा मागे घेतला गेला.

आपला आकडा अठरा, आणि त्याचा उगम सर्वांत जुना. १८७२ च्या करार कायद्याने करार करण्यासाठी सज्ञान असणे आवश्यक ठरवले. १८७५ च्या सज्ञानता कायद्याने त्यासाठी अठराची मर्यादा घातली. कोलकात्याच्या एका अज्ञान मुलाने सावकाराकडे मालमत्ता गहाण टाकली होती. तो व्यवहार प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली रद्दबातल ठरवला. प्रश्न वाडे, जमिनी आणि कर्जरोख्यांचा होता. (घरातल्या साऱ्यांचे मोबाइल सुरळीत करून देणारी सतरा वर्षांची मुलगी आजही कायद्याच्या मराठीत ‘अज्ञान’च!) मुलांच्या स्वायत्त विकासाच्या दृष्टीने अठरा ही मर्यादा जास्त वाटू शकते, हे न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात मान्य केले. तरीही इतर कायद्यांशी सुसंगती हवी म्हणून तीच ठेवली. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ मध्येही तीच आली.

संशोधन काय सांगते? ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये २०२२ साली एमी ऑर्बेन व सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील दहा ते एकवीस वयोगटातील १७ हजारांहून अधिक जणांची माहिती तपासली. समाजमाध्यमांचा अधिक वापर आणि वर्षभरानंतर घटलेले जीवनसमाधान यांचा संबंध मुलींमध्ये ११ ते १३ व्या वर्षी, मुलांमध्ये १४-१५ व्या वर्षी, आणि दोघांमध्ये पुन्हा १९ च्या सुमारास दिसला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. पण एका आकड्यात तो मावत नाही. शिवाय एकोणीस तर साऱ्याच रेषांच्या पलीकडे पडते.

भारतीय कायद्यात बंदी नाही. अठराखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळलेली संमती हवी, आणि त्यांच्यावर पाळत ठेवणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे वर्ज्य आहे. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनुसार संमतीची ही तरतूद दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहे. मुलांची माहिती पडताळण्याजोग्या सुरक्षित रीतीने हाताळणाऱ्या कंपनीपुरती वयाची ही अट खाली आणण्याचा अधिकार नवव्या कलमाने केंद्र सरकारला दिला आहे. ‘सुरक्षित’ म्हणजे काय, याची व्याख्या त्या कलमात नाही.