६२ तास २० मिनिटं

आत्या १९ दिवस व्हेंटिलेटरवर होती आणि ८ फेब्रुवारी २०२५ला गेली. खाली लिहिलंय ते त्याच्या आधीचं, पायाला पहिल्या मुंग्या आल्यापासून घशात नळी जाईपर्यंतचं. वेळा माझ्या फोनवरून आणि हॉस्पिटलच्या केसपेपरवरून घेतल्या आहेत.

गुरुवार, ९ जानेवारी, संध्याकाळ. पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची किरकटवाडी. आत्याला जुलाब, पोटात कळा, अंगात कणकण. पाण्याचा फिल्टर चार दिवस बंद होता. दुरुस्त करणारा उद्या येतो, उद्या येतो म्हणत होता. आम्ही पाणी गाळून घेत होतो, उकळत नव्हतो. शनिवारपर्यंत तिचं पोट थांबलं. मंगळवारी संक्रांतीला तिने बावीस गूळपोळ्या लाटल्या. जुलाबांचा विषय संपला.

शनिवार, १८ जानेवारी, सकाळी ६.२०. “पायाला मुंग्या आल्यात गं, रात्रीपासून जात नाहीत.” दोन्ही तळव्यांना, सारख्याच.

सकाळी ९.४५. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली तेव्हा तिच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. ती ओट्यापाशी राहिली होती आणि पायातून निसटल्याचं तिला कळलं नव्हतं. आम्ही दोघी हसलो. मी चप्पल आणून दिली.

दुपारी १. पाठ दुखतेय म्हणाली. पोळ्या लाटल्या म्हणून, असं मीच ठरवलं आणि बाम चोळला.

संध्याकाळी ७.३०. नेहमीचे डॉक्टर. शुगर ११२, बीपी १५०/९०. वय ६१, शाकाहारी, पायाला मुंग्या. त्यांनी बी-१२चं इंजेक्शन दिलं. गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली नाही. दवाखान्याच्या चार पायऱ्या उतरताना आत्याने माझा दंड धरला. इतका घट्ट तिने तो कधीच धरला नव्हता.

रविवार, १९ जानेवारी, पहाटे ५.४०. संडासातून हाक. उकिडवी बसली होती, उठता येत नव्हतं. आतेभावाने आणि मी दोन्ही काखांत हात घालून उचललं.

सकाळी १०.१५. हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. ईसीजी नॉर्मल, डोक्याचं सीटी नॉर्मल, पोटॅशियम ४.१, म्हणजे तेही नॉर्मल. नाडी ११२, बीपी १७०/१००. घाबरल्यात, असं ठरलं.

सकाळी ११.०५. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरने हातोडी काढली. उजवा गुडघा: काही नाही. डावा: काही नाही. घोटे: काही नाही. त्याने पुन्हा मारून पाहिली. आत्याला झाला तो आजार वर्षाला लाखात एक-दोघांना होतो; त्याला शंका आली, हे त्याचं मोठेपण मी आजही मानते. त्याने बरोबर तोच प्रश्न विचारला: “गेल्या महिन्याभरात आजींना जुलाब, ताप?”

मी म्हटलं, “नाही, हल्ली काही नाही.”

त्याने लिहिलं: जुलाब, नाही. न्यूरॉलॉजिस्ट सोमवारी सकाळी बघतील. तोवर साधा वॉर्ड.

दुपारी ३. वॉर्डात काहीच घडत नव्हतं. आत घडत होतं ते असं. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आतड्यात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. या जिवाणूच्या काही जातींच्या आवरणावरची साखरेची साखळी आणि आपल्या मज्जातंतूंवरचे गँग्लिओसाइड नावाचे रेणू हुबेहूब सारखे असतात. जिवाणू कधीच गेलेला असतो. प्रतिपिंडं उरतात आणि नसांवर चालून जातात. पोट बिघडणं आणि पाय लुळे पडणं यांत साधारण एक ते तीन आठवडे जातात, आणि तेवढ्यात घरातली माणसं पोटाचं विसरून जातात.

संध्याकाळी ५.१०. चहाचा घोट उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून गळला. मी पदराने पुसला.

रात्री ११.३०. आत्या झोपली होती, पण पापण्या पूर्ण मिटलेल्या नव्हत्या. बुबुळाखालची पांढरी रेघ दिसत होती. थकलीय, असं मला वाटलं. चेहऱ्याच्या नसा गेल्या की व्हेंटिलेटर लागण्याचा धोका वाढतो, हे मी नंतर वाचलं. सिस्टरना उठवलं नाही.

सोमवार, २० जानेवारी, सकाळी ९.४०. न्यूरॉलॉजिस्ट. त्यांनी जुलाबांचं पुन्हा विचारलं. आतेभाऊ म्हणाला, “नऊ तारखेला झाले होते की.” डॉक्टरांनी केसपेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजाराचं नाव पहिल्यांदा ऐकलं: गुलियन-बॅरे सिंड्रोम, जीबीएस.

सकाळी १०. “आजी, खोल श्वास घ्या आणि एका श्वासात आकडे म्हणा.” आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं पहिलीला शिकवत होती. वर्गात म्हणवून घ्यावेत तसे खणखणीत आकडे तिने म्हटले. चोवीसपर्यंत. बोटाला ऑक्सिमीटर: ९८.

डॉक्टरांनी फाइलवर दोनदा अधोरेखित केलं: आयसीयू. वॉर्डात श्वासाची क्षमता मोजायचं यंत्र नव्हतं, म्हणून दर दोन तासांनी आकडे. किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली, म्हणजे ६० किलोच्या आत्यासाठी १२०० मिलिलिटरच्या खाली क्षमता गेली, की नळीची तयारी करायची असते.

सकाळी १०.२०. आयसीयूत बेड नाही. संध्याकाळी एक पेशंट खाली येईल, मग देतो.

दुपारी १२. नसांची तपासणी. पायांत एफ-वेव्ह, म्हणजे मज्जारज्जूपर्यंत जाऊन परतणारे संकेत, येत नव्हते. मग पाठीतलं पाणी काढलं.

दुपारी २. आकडे: सतरा. ऑक्सिजन: ९७.

दुपारी २.५०. पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट: प्रोटीन ३८, पेशी २. नॉर्मल. १९१६ साली गुलियन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या पाठीतल्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं पण पेशी वाढलेल्या नाहीत, असं पाहिलं आणि ती या आजाराची खूण ठरली. पण पहिल्या आठवड्यात अनेकांचं प्रोटीन वाढलेलंच नसतं. डॉक्टरांनी हे नीट समजावलं. आम्हाला ऐकू आला तो एकच शब्द.

दुपारी ३.१५. इम्युनोग्लोब्युलिन: किलोमागे ०.४ ग्रॅम, दिवसाला २४ ग्रॅम, पाच दिवस. पाच ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या, एक सुमारे २० हजारांना. “रिपोर्ट नॉर्मल आहे तर उद्यापर्यंत थांबायचं का?” आतेभावाने विचारलं. मी गप्प राहिले. विम्याच्या मंजुरीत आणि या चर्चेत सव्वादोन तास गेले. पहिली बाटली ५.३०ला लागली. सव्वातीनला लागली असती तरी ती रात्र चुकली नसती; या औषधाचा परिणाम दिसायला दिवस लागतात. आम्हाला औषध दिसत होतं. बेडसाठी मी दुसऱ्यांदा विचारायला गेले ते सातला.

संध्याकाळी ५.१५. चारचे आकडे राहिले होते. मीच म्हणायला लावले: बारा. ऑक्सिजन: ९७. मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, “ऑक्सिजन छान आहे.”

छातीचे आणि श्वासपटलाचे स्नायू थकत जातात तेव्हा आधी कार्बन डायऑक्साइड साचतो. बोटावरचा आकडा शेवटी पडतो.

संध्याकाळी ७. आयसीयूच्या दारावर: “अर्ध्या तासात.”

संध्याकाळी ७.३०. आठ. आवाज नाकातून येत होता. उशीवरून मान उचलता येईना. ऑक्सिजन: ९६.

रात्री ८.१०. एक, दोन, तीन, चार, पाच. मग तिने ओठ हलवले आणि आवाज आला नाही. ऑक्सिजन: ९५. मी धावत सिस्टरकडे गेले.

रात्री ८.२२. स्ट्रेचर. लिफ्ट वर गेलेली होती. हाताच्या धमनीतल्या रक्ताची तपासणी: कार्बन डायऑक्साइड ६४. तो ३५ ते ४५ असायला हवा.

रात्री ८.४०. आयसीयूत घशात नळी.

मंगळवार, २१ जानेवारी. बातमी आली: पुण्यात जीबीएसचे २४ संशयित रुग्ण, बरेचसे सिंहगड रस्ता परिसरातले. नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे (एनआयव्ही). पुढे काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी सापडला.

बुधवार, २२ जानेवारी, सकाळी ११. आयसीयूबाहेरच्या बाकावर सर्वेक्षणाचा फॉर्म भरायला एक बाई आल्या. नाव, वय, पत्ता, पिण्याचं पाणी कुठलं. मग त्यांनी विचारलं, “गेल्या महिन्याभरात जुलाब?”

“हो,” मी म्हटलं. “नऊ तारखेला.”