शमुवेलाला आलेली हाक : न वाचली जाणारी आठ वचने

देवाची वाणी कशी ओळखावी, असे कोणी विचारले की आम्ही धर्मगुरू बहुधा बालशमुवेलाची कथा सांगतो (१ शमुवेल ३). उपासना वर्ष 'ब' मध्ये सामान्य काळातील दुसऱ्या रविवारी हेच पहिले वाचन असते. २०२४ साली ते १४ जानेवारी रोजी झाले. मात्र हे वाचन दहाव्या वचनाशी थांबते आणि एकदम एकोणिसाव्यावर जाते. मधली आठ वचने रविवारी वाचली जात नाहीत. परमेश्वराने शमुवेलाला नेमके काय सांगितले, ते त्या आठ वचनांतच आहे.

प्रसंग शिलो येथील आहे. एफ्राइमच्या डोंगराळ प्रदेशातील या पवित्रस्थानी त्या काळी कराराचा कोश होता आणि एली तेथील याजक होता. हन्नाने नवसाने मागून घेतलेला आपला मुलगा त्याच्या स्वाधीन केला होता. मुलाचे वय पवित्र शास्त्र सांगत नाही. बारा वर्षे हा आकडा यहुदी इतिहासकार जोसेफस याचा. देवाचे वचन त्या दिवसांत दुर्मीळ झाले होते, असे अध्यायाच्या आरंभीच म्हटले आहे. मागील अध्याय वाचला की त्या काळाची अवस्था ध्यानी येते. एलीचे पुत्र हफनी व फिनहास हेही याजकच; परंतु भाविकांच्या अर्पणातील मांस ते बळाने घेत आणि पवित्रस्थानी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी दुराचार करीत. एलीने त्यांना बोल लावला, आवर मात्र घातला नाही.

मंदिरातील दिवा अद्याप विझला नव्हता, म्हणजे रात्र सरायची होती. शमुवेल तीन वेळा हाक ऐकतो आणि तिन्ही वेळा एलीकडे धावतो. देवाची हाक त्याला ओळखीच्या माणसाच्या हाकेसारखीच वाटली! त्याला अजून परमेश्वराची ओळख झाली नव्हती, असे शास्त्र स्पष्ट सांगते. ओळख पटते ती एलीला, ज्याची दृष्टी मंद झाली आहे. त्याच रविवारच्या शुभवर्तमानातही (योहान १:३५-४२) बाप्तिस्मा करणारा योहान आपल्या दोन शिष्यांना प्रभू येशू दाखवून देतो. कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २५७८) सांगतो की, शमुवेल देवासमोर उभे राहण्यास आईकडून शिकला आणि देवाचे वचन ऐकण्यास एलीकडून. चौथ्या हाकेला शमुवेल एलीने शिकवलेलेच उत्तर देतो. पण मूळ हिब्रू मजकुरात त्याच्या तोंडी परमेश्वराचे नाव नाही, तेवढे तो गाळतो. कारण दिलेले नाही. आम्हाला तो संकोच फार खरा वाटतो.

आणि मग संदेश येतो, तो एलीच्या घराण्याविरुद्ध. पुत्रांचे पाप ठाऊक असूनही त्याने त्यांना आवरले नाही, म्हणून शिक्षा अटळ आहे. ज्याने ऐकायला शिकवले, त्याच्याविषयीच हे ऐकावे लागले. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहतो, नेहमीप्रमाणे मंदिराची दारे उघडतो आणि सांगायला भितो. एलीच त्याला 'माझ्या मुला' म्हणून जवळ बोलावतो व काहीही लपवू नकोस, अशी शपथ घालतो. मुलगा सारे सांगतो. एली ते परमेश्वराचे म्हणून मान्य करतो. मुलावर रागावत नाही.

पाचारणाविषयीच्या आमच्या प्रवचनांतून हा भाग सहसा निसटतो. 'मी ऐकत आहे' म्हणणे तुलनेने सोपे. ऐकलेले ज्याला सांगायचे तो आपलाच गुरू, पालक वा वडील असेल तर जीभ अडखळते. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या नियमावलीच्या तिसऱ्या अध्यायात मठाच्या सल्लामसलतीस सर्वांना बोलवावे असे सांगितले, कारण अधिक योग्य ते प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्याला प्रकट करतो. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये काढलेल्या आदेशाने, लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या धर्मगुरूंना व व्रतस्थांना ती ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक केले. शिलोची कथा आम्ही धर्मगुरूंनी या आदेशाशेजारी ठेवून वाचावी, असे आम्हाला वाटते.

पुढच्याच अध्यायात एलीचे दोन्ही पुत्र पलिष्ट्यांशी झालेल्या लढाईत एकाच दिवशी मारले जातात आणि कोश शत्रूच्या हाती पडतो. ९८ वर्षांचा एली वाटेकडे कान लावून बसलेला असतो. कोशाचे नाव ऐकताच तो आसनावरून मागे कोसळतो आणि मान मोडून मरण पावतो. घरी हा अध्याय वाचाल तेव्हा ११ ते १८ ही वचने गाळू नयेत.