अवध्य
लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात विष्णूच्या नावातच त्याचा पराक्रम आहे. ‘सूदन’ म्हणजे संहार करणारा. पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याने आत दडलेल्या लवणासुराला मारले, अशी बुलढाणा जिल्ह्यातली ही आख्यायिका. लवणासुर वध्य निघाला. पुराणांतले सगळेच दैत्य इतके सोपे नव्हते.

‘वध’ला ‘य’ लागून ‘वध्य’, म्हणजे मारण्याजोगा. त्याआधी नकाराचा ‘अ’ आला की ‘अवध्य’. हा शब्द ‘अमर’पेक्षा फार काटेकोर आहे. दूत अवध्य, असे बिभीषणाने रावणाला बजावले, तेव्हा मारुतीचा जीव वाचला. शेपटी मात्र पेटवली गेलीच! वधाला बंदी, बाकी शिक्षांना नाही.

नेमका हाच काटेकोरपणा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या 1993 पासूनच्या पत्त्यांच्या खेळात दिसतो. 2004 मध्ये आलेला ‘डार्कस्टील कोलॉसस’ हा 11 बळाचा, 11 सोशिकतेचा महाकाय पुतळा. त्याच्यावर कितीही घाव घाला, ‘नष्ट करा’ म्हणणारा पत्ता टाका, तो जागचा हलत नाही. पण ‘स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स’ हा पत्ता प्राण्याला नष्ट करत नाही, थेट हद्दपार करतो. तिथे कोलॉससचे काही चालत नाही. मालकालाच त्याचा बळी द्यायला भाग पाडले, तरी तो जातो. सोशिकता शून्यावर आणली, तरीही.

मराठीत कोलॉससच्या या नष्ट न होण्याच्या गुणाला ‘अविनाशी’ म्हणण्याचा मोह होईल. पण ‘अवध्य’च म्हणावे. दैत्य हिरण्यकशिपूचा वरही याच जातीचा होता, अटींनी बांधलेला.